ट्राममधली तिसरी हंडी

बाई पाण्यात बोट बुडवायची, ते जिभेला लावायची, क्षणभर डोळे मिटायची आणि बाजूला थुंकायची. मगच त्या पाण्यात मासोळी सोडायची. चिमूरच्या बाजारात तिच्यासमोर जिवंत मांगूर मासोळ्यांचं घमेलं असे. पाणी कमी झालं की शेजारचा चहावाला आपल्या पिंपातलं द्यायला तयार असे, पण ती घेत नसे. उन्हातान्हात तळ्यापर्यंत चालत जाऊन डबा भरून आणायची आणि तेही आधी चाखायची.

तुमच्या बाजारातही अशी एखादी असेल, जिच्याशी तुम्ही भावावरून घासाघीस केली असेल आणि चेहरा विसरला असाल. हिचा विसरता येत नसे, कारण ती कुठल्याच प्रश्नाचं सरळ उत्तर देत नसे. एसटी येणार का, लेकीला काय होणार, निवडणूक कोण मारणार, काहीही विचारा. ती म्हणायची, "पाहू, पाणी काय म्हणते."

मला हे आवडत नसे. मी बावीस वर्षांचा होतो. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. बिघडलेले कागद घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचो. अक्षरं आली तेव्हा कागद उलटून वाचू लागलो. ती सगळी पत्रकं होती. त्यांत माणसं दोनच प्रकारची असत, जागी झालेली आणि जागी करायची राहिलेली. बाईला मी दुसऱ्या प्रकारात टाकलं होतं. पाणी चाखणं म्हणजे कुठल्या तरी जलदेवतेचा नैवेद्य असणार, अशी माझी खात्री होती. एकदा तसं तिला बोलूनही दाखवलं. ती हसली. "तुह्या पुस्तकात मासोळ्या नसन, बाबू."

आमची बौद्ध वस्ती आणि बाईची ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वस्ती एकाच तळ्याच्या बांधाला टेकलेली. ते तळं त्यांच्याच पूर्वजांनी खणलेलं. मालगुजार, म्हणजे जमीनदार, आला तेव्हा ते त्याचं झालं, मालगुजार गेला तेव्हा सरकारचं. खणणारे मात्र प्रत्येक वेळी परवानगी मागणारेच राहिले. त्यांच्या मच्छीमार सोसायटीचे अर्ज मी लिहीत असे. खूप अर्जांनंतर तळ्याचा पट्टा सोसायटीला मिळाला, पण एक अट होती. ठरलेल्या दिवसापर्यंत तळ्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, पडलं पाहिजे आणि मत्स्यखात्याच्या साहेबांनी येऊन पंचनामा केला पाहिजे. नाही तर पट्टा रद्द होऊन तळं लिलावात जाणार. लिलावाची वाट पाहणारा ठेकेदार बांधावर जीप लावून तळं पाहूनही गेला होता.

त्या वर्षी सरकारी केंद्रातलं बीज संपलं. उरलं कलकत्ता. बाईचा नवरा पूर्वी एका व्यापाऱ्याचा हमाल म्हणून तिथून बीज आणायला जायचा. वाट त्यालाच ठाऊक. पण त्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायू झाला होता. भाताच्या रोवणीचे दिवस, पुरुष शेतात, बांधीत. खरं सांगायचं तर कोणी नागपूरच्या पुढे गेलेलं नव्हतं आणि सगळे घाबरले होते. सभेत दाराशी बसलेली बाई म्हणाली, "मी जातो." आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात. पुरुष हसले. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. पाट्या वाचायला सोबत मला दिलं.

नवऱ्याने निघताना तिच्याकडून वाट पाठ करून घेतली होती. गाडीत ती तेच पुटपुटत होती. हावड्याले उतरा, बाहेर ट्राम राह्यते, सियालदाची विचारा, मागच्या डब्यात बसा. येताना पूल लागला की उठू नोका, पूल संपला की उठा. मी विचारलं, ट्राम म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? ती म्हणाली, रस्त्यातून जाणारी आगगाडी, पण तिले इंजिन नाई. यापेक्षा जास्त मलाही माहीत नव्हतं.

हावड्याला आम्ही आमच्या तीन रिकाम्या हंड्या आणि तिची कावड घेऊन उभे राहिलो. हंड्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, तोंडाशी निमुळत्या. ट्राम आली, थांबल्यासारखी झाली आणि थांबली नाही. बाई हंड्यांसह वर. मी खाली. कंडक्टरने दोरी ओढली, घंटा वाजली आणि ट्राम निघाली.

मी पळालो. सगळे पत्ते माझ्या खिशात होते. तिच्याजवळ एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. या शहरात ती हरवली तर तिला शोधायचं तरी काय सांगून? लुगड्यातली, पन्नाशीची, कपाळावर गोंदलेली, एवढंच? घामाने माझा सदरा अंगाला चिकटला. पुढच्या थांब्यावर ती उतरून बसलेली दिसली. पदपथाच्या कडेला रस्ते धुण्याचा एक नळखांब गढूळ पाणी ओकत होता. तिने त्यात बोट बुडवून चाखलंही होतं.

"नदीचं हाय," ती म्हणाली. "माती लय हाय, पण गोडं हाय."

मला राग आला होता, पण धाप लागल्यामुळे तो बोलता आला नाही.

पुढच्या ट्राममध्ये आम्ही दोघं एकदम चढलो. मी खिडकीतून भिंतींवरच्या घोषणा पाहत होतो. एका चौकापासून पुढे पुस्तकांची दुकानंच दुकानं. तिथेच उतरावं असं वाटत होतं. बाई दुसऱ्या बाजूला पाहत होती. तिने मला कोपराने ढोसलं. त्याच चौकातून आत, झाडांमागे, जाळीच्या कुंपणाआड एक चौकोनी तलाव चमकत होता. "पाहून ठेव," ती म्हणाली. मी मान हलवली आणि पुन्हा पुस्तकांकडे पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सियालदाच्या बाजारात बीज घेतलं. मोठे व्यापारी प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून बीज नेत. आमच्यासारख्यांना हंडीच. हंडीतलं पाणी सारखं हलतं ठेवावं लागतं. थांबलं की त्यातली हवा संपते आणि पिल्लं वर येऊन तोंडं उघडतात. म्हणजे घरी पोचेपर्यंत हात थांबवायचा नाही. बाईने कावडीला दोन हंड्या लावल्या, तिसरी माझ्या खांद्यावर. टॅक्सीवाल्यांनी सांडणारं पाणी पाहून काच वर केली. ट्रामच उरली. हावड्याहून आमची गाडी दुपारची होती. ती चुकली तर पंचनाम्याचा दिवस चुकत होता.

मागच्या डब्यात, म्हणजे दुसऱ्या वर्गात, आम्ही चढलो. पहिल्या वर्गात बसायचं नाही हे माझं तत्त्व होतं. मी ते बाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मागचा डबा जास्त हालते, म्हणून तो चांगला. खरंच, ट्राम अशी डुलत होती की हंड्यांतलं पाणी आपोआप हिंदकळत होतं. तासाभरात पहिल्यांदा तिने हात बाहेर काढून पदराला पुसले.

कंडक्टर आला. मछली नहीं चलेगा, असं काहीतरी म्हणाला.

"मछली नाई, बच्चे हैं," बाई म्हणाली. "बच्चों का टिकट लगते क्या?"

डबा हसला. मासे म्हटल्यावर तिथली माणसं परकी राहत नाहीत. जो तो उठून हंडीत डोकावू लागला. रोहू की कटला यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं. कंडक्टरने आमच्या दोघांची तिकिटं फाडली आणि हंड्यांकडे पाठ केली.

आणि पुस्तकांच्या त्या चौकात ट्राम थांबली.

आधी वाटलं, थांबा असेल. मग चालक खाली उतरून बिडी पेटवू लागला. पुढे ट्रामांची रांग लागलेली आणि आडव्या रस्त्याने मोर्चा चाललेला. लाल झेंडे, कामगार, बायका, हात वर. त्याचं टोक दिसत नव्हतं. मी आयुष्यभर असा मोर्चा पाहायची इच्छा धरली होती. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

पाणी थांबलं होतं. बाईचा एक हात एका हंडीत, दुसरा दुसरीत. तिसरीत माझा. तळहात वाकडा करून पाणी आपटायचं, ते हवेत उडालं पाहिजे, पण पिल्लाला मार लागता कामा नये. छत तापलं. माझं मनगट आधी दुखलं, मग बधिर झालं. एका भल्या माणसाने मदतीला हात पुढे केला. बाईने तो हुंगला. "तेलाचा हात नोको," म्हणून परत केला. तो बिचारा हाताचा वास घेत आपल्या जागेवर गेला.

मग पिल्लं वर येऊ लागली. जिऱ्याच्या दाण्याएवढे जीव, शेकड्यांनी, तोंडं उघडत. पाणी बदलावं लागणार होतं.

"काल दाखवला त्या तलावाचं आण," बाई म्हणाली. "तलावाचंच. पळ."

मी डबा घेऊन उतरलो. तलाव मोर्चाच्या पलीकडे होता. त्या गर्दीतून जायचं, परत यायचं, तेवढ्यात ट्राम सुटली तर? आणि दहा पावलांवर पदपथालाच एक नळ होता. स्वच्छ, काचेसारखी धार. आमच्या वस्तीला नळ मिळावा म्हणून मी माझं पहिलं पत्रक लिहिलं होतं. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू दिलेलं नव्हतं. तोटी फिरवल्यावर कोणाच्याही हाती सारखंच येणारं पाणी, यापेक्षा शुद्ध गोष्ट मला माहीत नव्हती. तलावाचं पाणी हिरवं होतं. तलावाचंच हवं हा बाईचा जुना खुळचटपणा आहे, असं मला वाटलं. हे कारण आहे, सबब नाही. मी डबा नळाखाली धरला.

परत चढलो तेव्हा बाईचे दोन्ही हात हंड्यांत होते. तिने वर पाहिलं नाही.

"तलावाचंच ना?"

"हो."

"टाक तुह्या हंडीत."

मी तिसऱ्या हंडीतलं अर्धं पाणी उपसलं आणि नळाचं ओतलं. चाखायला तिला हात मोकळा नव्हता. आणि मी हो म्हणालो होतो.

थोड्याच वेळात पिल्लं वेडीवाकडी धावू लागली. मला वाटलं, ताजी झाली. मी आनंदाने तिला दाखवलं. तिने पाहिलं, एक हात उपसला, बोट माझ्या हंडीत बुडवून जिभेला लावलं. थुंकली नाही. माझ्याकडे पाहिलं.

"दवाई हाय यात," ती म्हणाली. "नळाचं हाय."

नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. ते माणसाला चालतं, जिऱ्याएवढ्या जिवाला मारतं. मी शाळेत हे औषध शिकलो होतो, आपल्या पत्रकातही त्याची मागणी केली होती. मासोळ्यांशी त्याचा संबंध मला कधी सुचला नव्हता.

ती एवढंच म्हणाली की दोन्ही हातांनी दोन हंड्या हलव, तिसरीकडे पाहू नोको. तिसरीवर फडकं टाकून, डबा उचलून ती खाली उतरली. मी खिडकीतून पाहिलं. मोर्चा आडवा चालला होता, त्याला कापून जाता येत नव्हतं. बाई बायकांच्या रांगेत शिरली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली. एकीने तिच्या रिकाम्या डब्याकडे पाहून जागा दिली. बाई चालता चालता तिरपी सरकत गेली आणि झेंड्यांच्या मागे दिसेनाशी झाली.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी पाणी आपटत होतो आणि तिसऱ्या हंडीकडे पाहत नव्हतो. मोर्चाचं शेपूट आलं. ते संपलं. चालकाने बिडी टाकली आणि वर चढला. पुढची ट्राम हलली. मी कंडक्टरला मोडक्या हिंदीत सांगितलं, एक बाई बाहेर आहे. मागची माणसं ओरडू लागली होती. कंडक्टरने दोरी हातात घेतली होती. त्याने हंड्यांकडे पाहिलं, मग बाहेर.

"बच्चों की माँ को आने दो," तो म्हणाला आणि दोरी सोडून दिली.

ती आली. डोक्यावर डबा, अर्धं लुगडं ओलं, पायांना शेवाळ. तिने दोन हंड्यांचं पाणी बदललं. ट्राम डुलू लागली तरी हात बाहेर काढला नाही. पूल आला. पुलावरच्या वाऱ्यात तिने तिसऱ्या हंडीवरचं फडकं उचललं. आत भिजलेल्या तांदळासारखं पांढरं सगळं वर आलं होतं.

पूल संपला तसे आम्ही उठलो. गाडीला वेळ थोडा होता, तरी ती कावड घेऊन आधी घाटावर गेली. मेलेलं बीज नदीत सोडलं, हंडी रेतीने घासली आणि वाटेत बदलायला नदीचं पाणी भरून घेतलं. त्या पाण्यामुळेच उरलेल्या दोन हंड्या जिवंत पोचल्या.

गाडीत मला बोलायचं होतं. मी सुरुवात केली. तिने थांबवलं.

"भेलास म्हणून खोटं बोलला. भेल्यावर माणूस बोलते. आता हात नोको थांबवू."

पंचनामा झाला. साहेबांनी दोन हंड्या बीज पाण्यात पडलेलं पाहिलं आणि सही केली. पट्टा वाचला. पण सोसायटीने तीन हंड्यांची वर्गणी काढली होती, तेव्हा सभा बोलावली गेली. इतिवृत्त लिहायला नेहमीसारखा मीच. अध्यक्षांनी विचारलं, तिसरी हंडी कशी मेली?

बाई दाराशी उभी होती. "मी टाकायच्या आधी पाणी चाखलं नाई," ती म्हणाली. "दर वेळी चाखतो. त्या दिवशी नाई चाखलं."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. ती माझ्याकडे पाहील याची मी वाट पाहिली. तिने पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुढे अनेकदा सांगितलं. ती पाहत नव्हती. कोणीतरी म्हणालं, बाईमाणसाले पाठवलं तं असंच होईन. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "बाईंच्या निष्काळजीपणामुळे एक हंडी बीज दगावले. पुढील वर्षापासून पुरुष सभासदास पाठवावे." मग उभं राहून ते खणखणीत आवाजात वाचलं. सर्वानुमते मंजूर झालं.

पुढे पुरुष गेले. एका वर्षी अर्धं बीज मेलं, एका वर्षी त्याहून जास्त. त्यांच्या निष्काळजीपणाची नोंद कोणी केली नाही, मीही नाही. बीज येई त्या दिवशी बाई बांधावर येऊन लांब उभी राहायची. तिला कोणी पाणी चाखायला बोलावलं नाही. बाजारात मला पाहिलं की एसटीची, वडिलांची चौकशी करायची. त्या वर्षांत मी सत्यावर दोन पत्रकं लिहिली. लोकांना आवडली.

गेल्या उन्हाळ्यात मी एटापल्लीकडे तेंदूपत्ता मजुरांच्या कामात होतो. परत आलो तेव्हा कळलं, बाईला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

सोसायटीची पुढची सभा भरली तेव्हा मी इतिवृत्ताचं जुनं पुस्तक उघडलं, ती दोन वाक्यं वाचली आणि खरं काय झालं ते सांगितलं. नळ, डबा, माझं हो. आवाज खणखणीत निघाला नाही. कोणी चिडलं नाही. अध्यक्ष म्हणाले, जुनी गोष्ट आहे, पाहिजे तर दुरुस्ती लिहा. विषय पुढे सरकणार होता.

भिंतीला टेकून बाईचा नवरा बसला होता. आता घरी एकटं कोणी ठेवत नाही म्हणून त्याला सभेला आणलं होतं. त्याचं बोलणं अर्ध्या तोंडातून येतं, समजायला वेळ लागतो.

"मी तिले जाताना सांगतलं होतं," तो म्हणाला. "नळाचं पाणी नोको. आली तेव्हा म्हणाली, नळाचं पडलं. कोणी टाकलं, ते नाई सांगतलं." तो थांबला. "मले वाटलं, तिनंच टाकलं. तवापासून मी तिले बोललो. रोज बोललो. ताटावर बसली का बोललो."

तेवढं बोलून त्याने काठी शोधली. मी धावत जाऊन त्याला आधार दिला आणि बांधावरून घरी नेलं. दाराशी त्याने चांगल्या हाताने माझी बोटं आपल्या दंडावरून एकेक करून सोडवली आणि भिंत धरत एकटा आत गेला.